2025 सालचं फिजिक्स : सोलापुरात सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापुरात अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. वर्षभर पोरं, त्यांचे पालक, शेजारचे काका, चहाच्या गाड्यावरची मंडळी, सगळे मोबाईल पुढं करून "सर हे खरंय का" विचारत असतात आणि मी तेच तेच उत्तर देत बसतो, म्हणून आता गड्ड्याच्या सुट्टीत सगळं एका ठिकाणी लिहून टाकलं. क्रम असा काही नाही, जे जास्त वेळा विचारलं गेलं ते मोठं झालंय.

वर्षभर सगळीकडं क्वांटम क्वांटम का चाललं होतं?

संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं होतं. कारण शंभर वर्षं झाली. जून 1925 मध्ये हायझेनबर्ग नावाचा तेविशीतला जर्मन पोरगा परागकणांच्या ॲलर्जीनं हैराण होऊन हेलगोलँड बेटावर गेला, तिथं झाडंझुडपं कमी, म्हणून नाक जरा मोकळं झालं आणि त्यात त्यानं क्वांटम मेकॅनिक्सचं, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या बारीक गोष्टींच्या नियमांचं, पहिलं गणित मांडलं. त्याच्या आदल्याच वर्षी ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी आइनस्टाइनला आपला क्वांटमवरचा पेपर पाठवला होता, पण शंभरीच्या कार्यक्रमांत आपल्याकडं बोसांचं नाव जेवढं घ्यायला पाहिजे तेवढं घेतलं गेलं नाही असं माझं मत आहे.

नोबेल कशाला मिळालं नेमकं? पेपरात वाचून काही कळलं नाही.

पेपरात लिहिणाऱ्यालाही कळलं नसावं. 7 ऑक्टोबरला जाहीर झालं, जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना. काम मात्र 1984-85 चं, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं. क्लार्क गुरू, डेव्होरे पीएचडी करून नुकताच तिथं आलेला आणि मार्टिनिस तेव्हा पीएचडीचा विद्यार्थी.

आता बघा, आपल्या भुईकोट किल्ल्याच्या भिंतीवर तुम्ही चेंडू कितीही वेळा मारला तरी तो परत येणार. इलेक्ट्रॉनसारख्या बारीक गोष्टींचं तसं नसतं, भिंत ओलांडण्याइतकी ताकद नसतानाही तो कधीकधी पलीकडं सापडतो. याला टनेलिंग म्हणतात आणि एकट्यादुकट्या कणाचं टनेलिंग फार पूर्वीपासून माहीत होतं. प्रश्न असा होता की हे फक्त एका कणापुरतंच आहे का, की हातात धरता येईल एवढ्या वस्तूतही दिसतं? या तिघांनी चिपवर एक सर्किट बनवलं, दोन सुपरकंडक्टर (अजिबात अडथळा न करता वीज वाहू देणारे पदार्थ) आणि मध्ये वीज न जाऊ देणारा अगदी पातळ थर, ज्याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. सुपरकंडक्टरमध्ये अब्जावधी इलेक्ट्रॉन जोड्या करून सगळे मिळून एकच कण असल्यासारखं वागतात. हा सगळा घोळका एका अवस्थेत अडकलेला असतो, तेव्हा व्होल्टेज शून्य. आणि मग एकदम व्होल्टेज उमटतं, म्हणजे अख्खं सर्किटच टनेल करून बाहेर आलं. वर त्यावर मायक्रोवेव्ह सोडून दाखवलं की हे सर्किट ऊर्जा ठरलेल्या पायऱ्यांतच घेतं, अधलंमधलं काही घेत नाही, बारावीला आपण अणूबद्दल जे शिकतो तेच.

आजचे बरेच क्वांटम कॉम्प्युटर ज्या क्युबिटवर (त्यांच्यातल्या माहितीच्या सगळ्यात लहान एककावर) चालतात तो याच सर्किटचा नातू आहे. चाळीस वर्षांनी नोबेल मिळालं त्याचं कारण हे.

म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर आला का? माझ्या मुलानं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं की नको?

घेऊ द्या हो काका, त्याचा याच्याशी संबंध नाही. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं मायोराना 1 नावाची चिप जाहीर केली, मोठा गाजावाजा झाला, पण ज्या नेचर मासिकात त्यांचा पेपर आला त्याच्याच संपादकांनी सोबत नोंद दिली होती की या निकालातून मायोराना अवस्था (ज्या खास क्वांटम अवस्थेवर ही चिप चालते असा दावा होता) असल्याचा पुरावा मिळतो असं समजू नये. ही नोंद किती बातम्यांत आली? मला तर दिसली नाही. ऑक्टोबरमध्ये गुगलनं सांगितलं की एका ठरावीक गणितात आपली चिप सुपरकॉम्प्युटरपेक्षा 13,000 पट वेगवान ठरली. गणित खरं, पण ते एक विशिष्ट गणित, त्यावर तुमचं जीएसटी रिटर्न भरता येणार नाही.

भारतात राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, 6,003 कोटी रुपयांहून थोडं जास्त, 2030-31 पर्यंत. त्यातला सेन्सिंगचा (क्वांटम वापरून अतिसूक्ष्म मोजमापं करण्याचा) गट मुंबई आयआयटीत आहे. पोराला आवड असेल तर रस्ता आहे एवढं नक्की.

सर, शिशाचं सोनं झालं म्हणे? खरंय का?

खरंय! आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त आला, कारण त्याच वर्षात तोळा लाखाच्या वर गेला. मे महिन्यात सर्नमधल्या (जिनिव्हाजवळची कण धडकवणारी मोठी प्रयोगशाळा) ॲलिस प्रयोगानं जाहीर केलं. शिशाच्या अणुकेंद्रात 82 प्रोटॉन, सोन्याच्या 79. म्हणजे तीन काढले की झालं. शिशाची केंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगानं एकमेकांच्या अगदी जवळून, न धडकता गेली की त्यांचं विद्युतक्षेत्र एवढं जोरदार असतं की त्यातल्या फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) दणक्यानं काही प्रोटॉन न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि कधीकधी बरोब्बर तीन प्रोटॉन जातात.

2015 ते 2018 या काळात अशी 8,600 कोटी सोन्याची केंद्रकं तयार झाली. ऐकायला लई वाटतं, पण वजन किती, तर 29 पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले 29 घ्या. तेही क्षणभरच टिकतं, पुढं कुठंतरी आपटून फुटून जातं. सराफाकडं जायची घाई नको.

"सिग्मा" म्हणजे काय? प्रत्येक बातमीत असतं.

हा एवढा एक प्रश्न नीट समजून घेतला तर अर्ध्या बातम्या तुम्हाला स्वतःलाच तोलता येतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाणं दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा आला तर नाणं खोटं आहे म्हणाल का? नाही, योगायोगानंही होतं तसं. हजार वेळा उडवून सातशे छापे आले तर मात्र नाण्यात काहीतरी गडबड आहे. प्रयोगातही तेच. एखादी नवीन गोष्ट दिसली असं वाटतं तेव्हा पहिला प्रश्न असा की काहीच नवीन नसताना निव्वळ योगायोगानं असं दिसायची शक्यता किती? 3 सिग्मा म्हणजे साधारण साडेसातशेत एकदा. 5 सिग्मा म्हणजे साधारण 35 लाखांत एकदा. कणांच्या फिजिक्समध्ये 5 च्या खाली कोणी "शोध लागला" म्हणत नाही, "खुणा दिसतायत" म्हणतात. साडेसातशेत एकदा हे भरपूर वाटतं ना? पण जगभरात प्रयोग किती चालतात आणि प्रत्येकात किती आलेख काढतात ते बघा, 3 सिग्मावाल्या गोष्टी येतात आणि जातात.

आणि मुख्य म्हणजे सिग्मा फक्त योगायोग मोजतो. मोजपट्टीच चुकीची असेल, किंवा ज्या थिअरीशी तुलना करताय तीच कच्ची असेल, तर सिग्मा कितीही असला तरी उपयोग नाही. 2025 मध्ये याचं झकास उदाहरण घडलं, ते खालीच आहे.

म्युऑनचं काय झालं? चार वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणाला होता, नवीन बल सापडणार.

"सापडू शकतं" म्हणालो होतो बे!

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जाडा भाऊ, सुमारे 207 पट जड, जन्मल्यावर सरासरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहून थोडा जास्त वेळ जगतो. तुम्ही हे वाचताय तेव्हासुद्धा आकाशातनं येणारे म्युऑन तुमच्या तळहातातनं आरपार जातायत, दर मिनिटाला शंभरेक तरी. तो बारक्या चुंबकासारखा असतो आणि चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखा डुलतो. किती वेगानं डुलतो हे अवतीभवतीच्या पोकळीत कुठले कुठले कण क्षणभर उमटतात त्यावर ठरतं, म्हणून ते फार बारकाईनं मोजलं तर आपल्याला माहीत नसलेला कणही चाहूल देऊ शकतो. अमेरिकेत ब्रुकहेवनला 2001 मध्ये मोजलं तेव्हा थिअरीशी फरक दिसला. मग 2013 मध्ये ती 15 मीटर रुंदीची चुंबकाची कडी अखंडच्या अखंड, वाकू न देता, समुद्रातनं नदीतनं शिकागोजवळच्या फर्मिलॅबला नेली. 2021 मध्ये तिथंही तोच आकडा आला आणि फरक 4.2 सिग्मा. सगळे खूश.

3 जून 2025 ला शेवटचा निकाल लागला. मोजमापाची अचूकता 100 कोटीत 127 भाग, ठरवलं होतं त्याहून चांगली. आकडा जुन्या आकड्याशी जुळला. म्हणजे प्रयोग बरोबरच होता. पण मधल्या काळात थिअरीवाल्यांनी सुपरकॉम्प्युटरवर लॅटिस पद्धतीनं (अवकाशाची बारीक जाळी धरून) हिशोब नव्यानं केला आणि निकालाच्या थोडं आधी, मे अखेरीस, तो प्रसिद्ध झाला. त्यात थिअरीचाच आकडा सरकून प्रयोगाजवळ आला. फरक संपला! जुन्या पद्धतीत जो डेटा वापरायचे त्यातले वेगवेगळे प्रयोग आपसात का जुळत नाहीत हे अजून सुटायचंय, त्यामुळं विषय पूर्ण बंद झाला असं नाही, पण नवीन बलाची आशा होती ती बरीच मावळली.

पोरांना हे ऐकून वाईट वाटतं. मला विचाराल तर वर्षातली सगळ्यात भारी बातमी हीच. दोन बाजूंनी शेकडो लोकांनी दोन दशकं राबून एक आकडा काढला, एक हातानं मोजून आणि एक गणितानं, आणि तो इतक्या बारकाईनं जुळला. अशा बातमीला कोणी फॉरवर्ड करत नाही ही वेगळी गोष्ट.

विश्व आकुंचन पावणार, डार्क एनर्जी संपत चालली, असं काहीतरी वाचलं.

आकुंचनाचं सोडा, ते हेडिंगवाल्यांनी लावलेलं. ॲरिझोनातल्या किट पीकवर डेझी नावाचा प्रयोग आहे, 5,000 ऑप्टिकल फायबर रोबोंनी हलवत एकेका आकाशगंगेवर नेमके धरतात आणि तिचं अंतर काढतात. मार्चमध्ये त्यांनी तीन वर्षांचा डेटा मांडला, जवळपास दीड कोटी आकाशगंगा आणि क्वेसार (फार लांबच्या आकाशगंगांचे अतितेजस्वी गाभे). विश्व वेगानं फुगतंय हे 1998 पासून माहीत आहे आणि फुगवणारी जी काय गोष्ट आहे तिला डार्क एनर्जी हे नाव दिलंय, ती कायम तेवढीच राहते असं आजवर धरून चाललोय. डेझीचा डेटा इतर मोजमापांबरोबर जोडला तर ती काळानुसार कमजोर होत असावी असं दिसतं.

किती सिग्मा? आता तुम्हीच विचारा. 2.8 ते 4.2, कुठल्या सुपरनोव्हांची (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांची) यादी जोडता त्यावर अवलंबून. म्हणजे 5 नाही. आणि यादी बदलली की आकडा एवढा हलतो, हेच मला खटकतं. खरं निघालं तर शतकातली मोठी गोष्ट, पण म्युऑनचं ताजं असताना मी पैज लावणार नाही.

हॉकिंगचं म्हणणं सिद्ध झालं का?

एक म्हणणं, बऱ्यापैकी. 1971 मध्ये हॉकिंगनं गणितानं दाखवलं की दोन ब्लॅक होल एकत्र झाली तर नव्या ब्लॅक होलचं पृष्ठफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी होऊच शकत नाही. 14 जानेवारी 2025 ला लायगोच्या (गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले हेलकावे, पकडणाऱ्या अमेरिकेतल्या) दोन्ही यंत्रांनी आजवरचा सगळ्यात स्पष्ट सिग्नल पकडला, साधारण 130 कोटी प्रकाशवर्षं लांबून आलेला. आधीच्या दोघांचं मिळून पृष्ठफळ 2 लाख 40 हजार चौरस किलोमीटर, नंतरचं 4 लाख. आपला महाराष्ट्र 3 लाख 8 हजाराच्या आसपास, म्हणजे आधी महाराष्ट्राहून लहान आणि नंतर मोठं. वजन मात्र 63 सूर्यांएवढं!

सप्टेंबरमध्ये हा पेपर आला तेव्हाच पहिल्या गुरुत्वीय लहरीला दहा वर्षं झाली होती. पहिल्यांदा सापडली तेव्हाही दोन ब्लॅक होल जवळपास अशीच होती, फरक एवढाच की दहा वर्षांत यंत्रातला गोंगाट इतका कमी केलाय की तीच गोष्ट आता स्वच्छ ऐकू येते. लहर आली की यंत्राच्या 4 किलोमीटरच्या हाताची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी बदलते आणि ते मोजायचं असतं.

असं यंत्र हिंगोलीत होतंय ना? झालं का?

लायगो इंडिया, औंढा नागनाथजवळ. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची मंजुरी दिली. चालू व्हायला 2030 उजाडेल असं सांगतात, आणि सरकारी काम म्हटल्यावर पुढं काय ते तुम्हाला माहीत आहे. फायदा काय, तर अमेरिकेतल्या दोन यंत्रांवरनं लहर आली हे कळतं पण नेमकी आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातनं आली हे नीट कळत नाही, लांबवर आणखी एक यंत्र असलं की दिशा पक्की होते आणि मग दुर्बिणी तिकडं वळवता येतात. शेतकऱ्यांनी विचारलं होतं की त्यातनं काही किरण बिरण निघणार का. नाही, ते फक्त ऐकतं, सोडत काही नाही.

न्यूट्रिनोच्या दोन-तीन बातम्या होत्या, एकत्र सांगा.

फेब्रुवारीत सिसिलीजवळ समुद्राच्या तळाशी, साडेतीन किलोमीटर खोल लावलेल्या केएम3नेट या यंत्रानं जाहीर केलं की 2023 मध्ये त्यांना एक न्यूट्रिनो (जवळपास कशालाच न अडखळता आरपार जाणारा अतिहलका कण) सापडला होता, अंदाजे ऊर्जा 220 पेटा इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वजन दोन्ही इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच सांगतात), आधीच्या विक्रमाच्या तिसेक पट. कुठून आला माहीत नाही. एप्रिलमध्ये जर्मनीतल्या कात्रिन प्रयोगानं सांगितलं की न्यूट्रिनोचं वजन 0.45 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खालीच आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. आणि ऑगस्टमध्ये चीनमध्ये जुनो सुरू झालं, जमिनीखाली 700 मीटर, 20,000 टन द्रव भरलेला गोळा. तीन न्यूट्रिनोंपैकी सगळ्यात जड कोण हे ते ठरवणार, काही वर्षं लागतील.

कृत्रिम सूर्यानं वीज कधी मिळणार? इथं उन्हाळ्यात लोडशेडिंगनं जीव जातो.

कृत्रिम सूर्य म्हणजे सूर्यासारखीच अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढायचं यंत्र. जानेवारीत चीनच्या ईस्ट या अशा यंत्रानं प्लाझ्मा (अतितप्त वायू) 1,066 सेकंद टिकवला, फेब्रुवारीत फ्रान्सच्या वेस्टनं 1,337 सेकंद, म्हणजे 22 मिनिटं. यातनं वीज शून्य, उलट खर्चच झाली. टिकवणं ही एक पायरी आहे, आत घातली त्याहून जास्त ऊर्जा काढणं ही दुसरी आणि ती परवडेल अशा दरात देणं ही तिसरी. सोलापूरकरांना मी सांगतो की खऱ्या सूर्याची आपल्याकडं अजिबात टंचाई नाही, गच्चीवर सोलर बसवा.

2 ऑगस्टला सहा मिनिटं अंधार होणार होता, झाला नाही.

कारण ते ग्रहण 2 ऑगस्ट 2027 चं आहे. तारीख बरोबर, साल चुकलेलं, आणि तेवढ्यावर अख्ख्या गावात मेसेज फिरला. 2027 लाही पूर्ण अंधार स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, अरबस्तान या पट्ट्यात, इजिप्तमध्ये लक्सरजवळ सगळ्यात जास्त, 6 मिनिटं 23 सेकंद. तोही फक्त त्या पट्ट्यातच, जगभर नाही. आपल्या बाजूला खंडग्रास.

असंच ते 3आय ॲटलस. परग्रहवासीयांचं यान वगैरे. जुलैत चिलीतल्या दुर्बिणीनं पाहिलेला धूमकेतू आहे तो, सूर्यमालेच्या बाहेरनं आलेला तिसरा पाहुणा, आणि 19 डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला तेव्हा 27 कोटी किलोमीटर लांब होता. सूर्यापेक्षाही लांब की हो! धूमकेतू म्हणूनच तो भारी आहे, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याजवळचं बर्फ आपल्याला फुकट तपासायला मिळालं.

नारळीकर सर गेले. त्यांचं बिग बँगबद्दलचं मत चुकीचं होतं ना?

20 मे ला पुण्यात गेले, 86 वर्षांचे होते. मूळ जन्म कोल्हापूरचा. बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगच्या बाजूनं आणि नारळीकर आणि त्यांचे गुरू हॉइल विश्वाला अशी सुरुवातच नाही म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूनं, आणि पुरावे बिग बँगकडं झुकले हे खरं. पण पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करताना त्यांनी आपलंच मत मानणारी माणसं गोळा केली नाहीत, हे लक्षात घ्या.

मला त्यांचं एक काम पोरांना सांगायला फार आवडतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या, ओळखा म्हणाले. बरोबर उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. सिग्मा शिकवायला यापेक्षा मराठमोळं उदाहरण नाही आणि सप्टेंबरच्या चंद्रग्रहणात गरोदर सुनेला घरात कोंडणाऱ्या मावशींना मी हेच सांगत होतो. मावशींना पटलं नाही ते सोडा.

दुर्बीण नाही, लॅब नाही, सोलापुरात बसून काय बघता येईल?

शून्य सावली. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या थोडं वर आहे, त्यामुळं मे च्या 10-11 तारखेच्या आसपास आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या आगेमागे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या पाइपची सावली गायब होते. ऑगस्टमध्ये ढग असतात, मे मध्ये ऊन 43 ला टेकलेलं, तेव्हा टोपी घाला. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही, ते कर्कवृत्ताच्या वर. आणि केगावला विज्ञान केंद्र आहे, तिथं पोरांना एकदा तरी न्या.

मुलीला फिजिक्सच करायचंय. नीटचा क्लास सोडू का म्हणते.

आधी तिला नोव्हेंबरमधली ऑलिंपियाडची पहिली परीक्षा देऊ द्या, फिजिक्सची किंवा ॲस्ट्रॉनॉमीची. 2025 मध्ये ॲस्ट्रॉनॉमीची जागतिक ऑलिंपियाड मुंबईतच झाली आणि भारताच्या पोरांनी 4 सुवर्ण, 1 रौप्य घेतलं. बारावीनंतर विज्ञान शिकवणाऱ्या केंद्राच्या संस्था आहेत, त्यातल्या आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. यातलं काही जमलं नाही तर इथंच बीएस्सी करून जॅम ही प्रवेश परीक्षा देता येते, त्यातनं आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, तो रस्ताही वाईट नाही. पगाराचं विचाराल तर पीएचडीची वर्षं तंगीत जातात, हे लपवून काही उपयोग नाही, तिला आणि तिच्या बाबांना दोघांनाही आधीच सांगून ठेवा.

2026 मध्ये कशावर लक्ष ठेवू?

3 मार्चला चंद्र उगवेल तोच ग्रहण लागलेला, संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला सुटेल, त्यामुळं पूर्वेकडं मोकळी असलेली गच्ची आधीच बघून ठेवा, वेळ पंधरावीस मिनिटंच आहे. डेझीचा पुढचा डेटा आला की पहिल्यांदा सिग्मा शोधा, हेडिंग नंतर वाचा. आणि वर्षाच्या मध्याला सर्नचा मोठा कोलायडर बंद होणार, 2030 च्या आसपासपर्यंत. बिघडला म्हणून नाही, त्याची ताकद वाढवायची आहे म्हणून, तेव्हा "सर्न बंद पडलं, काहीतरी लपवतायत" असा मेसेज जुलैत आला तर मला पाठवू नका.